मागवलेला पाठ आणि वाचलेला पाठ : बायोपायथनच्या ‘एन्ट्रेझ’ विभागाची चिकित्सा

प्रस्तावना

भाषेच्या प्राध्यापकाने संगणकाच्या प्रोग्रामिंगवर लिहावे, हे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा खरा विषय प्रोग्रामिंग हा नसून वाचन हा आहे. आज महाविद्यालयांतील जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व जैवतंत्रज्ञान या विषयांचे विद्यार्थी जनुकक्रमांवर प्रकल्प करतात. जनुकक्रम म्हणजे ए, सी, जी व टी या चार अक्षरांत लिहिलेला मजकूर होय. हा मजकूर दूरदेशीच्या संचयांत साठवलेला असतो आणि पाच-सहा ओळींचा प्रोग्राम लिहून तो आपल्या प्रयोगशाळेतील संगणकावर मागवता येतो. या कामासाठी सर्वाधिक शिकवले जाणारे साधन म्हणजे ‘बायोपायथन’ ही लायब्ररी व तिच्यातील ‘एन्ट्रेझ’ हा विभाग.

लायब्ररी या शब्दाने येथे ग्रंथालय समजू नये. प्रोग्रामरांच्या भाषेत लायब्ररी म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञांचा संच. ग्रंथालयाचे काम येथे जनुकक्रमांचा संचय करतो. लायब्ररी ही त्या ग्रंथालयात चिठ्ठी घेऊन जाणाऱ्या शिपायासारखी आहे. चिठ्ठीवर जे लिहिले तेच तो आणतो. चिठ्ठी कशी लिहावी आणि आणलेले पुस्तक कसे वाचावे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट बायोपायथनची मार्गदर्शिका उत्तम शिकवते, पण दुसरी जवळजवळ आपल्यावर सोडून देते आणि अध्यापनात तीच राहून जाते, असे माझे मत आहे. त्याची कारणे व उदाहरणे या लेखात मांडली आहेत.

साधनाचे स्वरूप

अमेरिकेतील ‘जेनबँक’ हा संचय १९८२ मध्ये सुरू झाला. युरोपातील व जपानमधील संचयांशी त्याची नित्य देवाणघेवाण चालते, त्यामुळे एका ठिकाणी दिलेली नोंद तिन्ही ठिकाणी सापडते. १९८८ मध्ये स्थापन झालेले अमेरिकेचे ‘नॅशनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजी इन्फर्मेशन’ जेनबँकेचा सांभाळ करते. या केंद्राच्या शोधव्यवस्थेला ‘एन्ट्रेझ’ असे नाव आहे. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ ‘आत या’ असा होतो. बायोपायथन हा प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला. त्यातील एन्ट्रेझ विभागात ‘ई-सर्च’ ही आज्ञा शोध घेते, ‘ई-समरी’ सारांश देते, ‘ई-फेच’ पूर्ण नोंद आणते आणि ‘ई-लिंक’ एका नोंदीवरून संबंधित दुसऱ्या नोंदीकडे नेते.

हे सर्व विनामूल्य आहे. हुबळी-धारवाडसारख्या ठिकाणच्या पदवी महाविद्यालयाला महागडी उपकरणे घेणे परवडत नाही. पण साधा संगणक व इंटरनेट असले की जगातील कोणत्याही विद्यापीठाला उपलब्ध असलेली तीच नोंद आपल्या विद्यार्थ्यालाही मिळते. या समानतेचे महत्त्व कमी लेखण्याचा हेतू येथे नाही. उलट, एवढे मोठे दार उघडे असताना आत जाऊन आपण काय वाचतो, हे तपासणे अगत्याचे ठरते.

मार्गदर्शिकेचे गुण

‘बायोपायथन ट्युटोरियल अँड कुकबुक’ ही मार्गदर्शिका अनेक लेखकांनी वर्षानुवर्षे भर घालून घडवली आहे. तिची भाषा सोपी आहे आणि उदाहरणे चालवून पाहण्याजोगी आहेत. तिचा पहिला गुण असा की, ती शिष्टाचारापासून सुरुवात करते. मागणाऱ्याने आपला ई-मेल पत्ता द्यावा, सेकंदाला तीनपेक्षा जास्त मागण्या करू नयेत, मोठे काम असल्यास शनिवार-रविवारी किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील रात्री नऊ ते पहाटे पाच या वेळेत करावे, असे तीत बजावलेले आहे. नोंदणी करून स्वतःची किल्ली घेतल्यास सेकंदाला दहा मागण्यांची मुभा मिळते. ही पद्धत २०१८ पासून रूढ झाली. तीन मागण्यांची मर्यादा तर लायब्ररी स्वतःच पाळते, विद्यार्थ्याला मोजत बसावे लागत नाही.

वेळेच्या नियमात आपल्यासाठी एक सोयीची गोष्ट दडली आहे. अमेरिकेतील ती रात्र म्हणजे आपल्याकडील सकाळी साडेसहा ते दुपारी अडीच; त्यांच्या हिवाळ्यात हीच वेळ एक तास पुढे सरकते. म्हणजे आपल्या प्रात्यक्षिकांचे बहुतेक तास आपोआपच योग्य वेळेत येतात.

दुसरा गुण असा की, एकदा आणलेली नोंद स्वतःच्या संगणकावर जतन करावी आणि पुढच्या वेळी आधी तेथे पाहावे, असे मार्गदर्शिका उदाहरणासह सांगते. ‘ईयू४९०७०७’ या क्रमांकाची, एका ऑर्किडच्या जनुकाची १३०२ अक्षरांची नोंद घेऊन ही कृती दाखवली आहे. वर्गातील चाळीस विद्यार्थ्यांनी तीच नोंद चाळीस वेळा मागवणे हे सार्वजनिक नळ उघडा ठेवण्यासारखे आहे. ही सवय मार्गदर्शिकेने लावली, याबद्दल तिच्या लेखकांचे ऋण मान्य केले पाहिजे.

वीस नोंदींचा भ्रम

आता उणिवांकडे वळू. पहिली उणीव साधनाच्या मूळ ठेवणीत आहे. ‘ई-सर्च’ला शोधशब्द दिला की उत्तरात दोन गोष्टी येतात : एकूण किती नोंदी सापडल्या ती संख्या, आणि नोंदींच्या क्रमांकांची यादी. संख्या कितीही मोठी असो, वेगळे सांगितले नाही तर यादीत फक्त २० क्रमांक येतात. मर्यादा वाढवण्याची सोय आहे व ती मार्गदर्शिकेत दिलेलीही आहे. पण नवख्या विद्यार्थ्याचे लक्ष यादीकडे असते, संख्येकडे नसते. यादी घेतली, तेवढ्या नोंदी मागवल्या, त्यांची तुलना केली आणि निष्कर्ष लिहिला, असा क्रम घडला तर प्रकल्पात कोठेही चूक दिसत नाही. प्रोग्राम अडखळत नाही, इशारा देत नाही. हजारांतून वीस निवडले गेले आणि ती निवड आपण केलेली नाही, हे विद्यार्थ्याच्या लक्षातही येत नाही.

भाषेच्या अभ्यासात अशा यादीला आपण ‘प्रातिनिधिक’ म्हणणार नाही. एखाद्या कवीच्या शेकडो कवितांपैकी कपाटात पुढे असलेल्या वीस वाचून त्याच्या शैलीवर प्रबंध लिहिणाऱ्याला आपण परत पाठवू. तोच निकष येथे लावला पाहिजे.

फास्टा व जेनबँक : दोन रूपांतील फरक

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ‘ई-फेच’ने नोंद मागवताना ती कोणत्या रूपात हवी ते सांगावे लागते. ‘फास्टा’ हे त्यांतील सर्वांत सुटसुटीत रूप. १९८०च्या दशकात पिअर्सन व लिपमन यांनी याच नावाचा तुलना करणारा प्रोग्राम तयार केला, त्यावरून हे नाव आले. त्यात एक शीर्षओळ असते व तिच्याखाली अक्षरे. ‘जेनबँक’ रूपात मात्र अक्षरांच्या आधी बरेच काही असते : नोंद कोणी दिली, कोणत्या संस्थेतून दिली, कोणत्या शोधनिबंधाशी ती निगडित आहे, नमुना कोणत्या जीवाचा, कोठे व केव्हा गोळा केला, जनुकाचा कोणता भाग कोणते प्रथिन घडवतो इत्यादी.

मार्गदर्शिकेतील प्रमुख उदाहरण ‘लेडी स्लिपर’ ऑर्किडचे आहे. लेखकांनी शोध घेतला तेव्हा ९४ नोंदी मिळाल्या आणि त्या त्यांनी दोन्ही रूपांत जतन करून दिल्या आहेत. जेनबँक रूपातून वनस्पतीचे नाव कसे काढावे हेही दाखवले आहे. परंतु नमुन्याचे स्थळ व काळ यांना त्या मांडणीत मध्यवर्ती स्थान नाही. फुलांच्या उदाहरणात ते कोणाला खटकतही नाही. ग्रंथाच्या नावातच ‘कुकबुक’ आहे. पाककृती सांगणारा धान्य निवडून घेतलेले आहे असे गृहीत धरतो. आपल्या वर्गात मात्र धान्य निवडण्यापासून सुरुवात करावी लागते. फास्टा सोपे, म्हणून प्रात्यक्षिकात फास्टा. आणि फास्टा घेतले की स्थळ-काळ गळून पडतात. देणाऱ्याने शीर्षओळीतील नावात देश व वर्ष गुंफले असेल तरच ते हाती लागते.

याने काय बिघडते, हे पाहण्यासाठी आपल्याच भूभागातील उदाहरण घेणे योग्य होईल.

क्यासनूरचा ताप : एका नोंदीचे वाचन

१९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली व आसपासच्या गावांत तापाची साथ आली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने या तापाचा विषाणू शोधून काढला. १९५२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. विषाणूला जंगलाचेच नाव मिळाले. गोचिडीतून पसरणाऱ्या या आजाराला कन्नडमध्ये ‘मंगन कायिले’ व मराठीत ‘माकडताप’ म्हणतात. रुग्णांपैकी ३ ते ५ टक्के दगावतात. पुढे हा आजार शिमोग्यापुरता राहिला नाही. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्गच्या दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. काजूच्या बागांत व जंगलात राबणाऱ्या माणसांचा हा आजार आहे.

तो घाटातून कसा सरकला, याचे उत्तर जनुकक्रमांच्या अभ्यासातून मिळते. १९५७ ते २०१७ या काळातील नमुन्यांच्या आधारे पश्चिम घाटातील प्रसाराचा असा अभ्यास पुण्याच्या संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. या अभ्यासाचा पायाच मुळी नमुन्याचे वर्ष व गाव हा आहे. विषाणूच्या सुमारे पावणेअकरा हजार अक्षरांत काळानुसार किती फरक पडला, हे वर्ष माहीत नसेल तर मोजताच येत नाही. आणि गाव माहीत नसेल तर फरक मोजूनही प्रसाराची दिशा कळत नाही. ज्या विद्यार्थ्याने याच नोंदी फास्टा रूपात मागवल्या, त्याच्या हाती सर्व अक्षरे आली आणि प्रश्नाचे उत्तर मात्र दारातच राहिले.

याहून बोलके उदाहरण चीनमधील आहे. १९८९ मध्ये युन्नान प्रांतातील एका तापाच्या रुग्णापासून वेगळा केलेला ‘नानजियानयिन’ विषाणू हा क्यासनूरचाच विषाणू असल्याचे २००९ मध्ये चिनी संशोधकांनी जाहीर केले. त्याचा जनुकक्रम १९५७ च्या ‘पी ९६०५’ या भारतीय नमुन्याशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. केवळ अक्षरे पाहणारा म्हणेल, दोन्ही एकच, यात विशेष ते काय? केवळ स्थळ पाहणारा म्हणेल, हा आजार चीनपर्यंत पोहोचला आहे. पण अक्षरे, स्थळ व वर्ष ही तिन्ही शेजारी ठेवली की शंका उभी राहते. ज्या विषाणूची अक्षरे कालौघात बदलत राहतात, तो ३२ वर्षे आणि हजारो किलोमीटर यांच्या अंतरानेही जवळजवळ तसाच कसा राहिला? त्यामुळेच हा प्रयोगशाळेत झालेल्या भेसळीचा परिणाम असावा, असा संशय नंतरच्या अभ्यासकांनी व्यक्त केला.

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ही विचारपद्धती परकी नाही. दोन नकला अक्षरशः सारख्या निघाल्या तर त्या स्वतंत्र साक्षी मानायच्या की एकीवरून दुसरी उतरवली असे समजायचे, हा पाठचिकित्सेतील पहिला प्रश्न. उर्दूत या शास्त्राला ‘तदवीन-ए-मतन’ म्हणतात. तेथेही नुस्खा कोणाचा, कोठला व कोणत्या सालचा, हे ठरवल्याशिवाय संपादक पुढे जात नाही.

तारखेच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. जेनबँक नोंदीच्या पहिल्याच ओळीत एक तारीख असते. ती नोंदीत शेवटचा बदल झाल्याची तारीख होय. नमुना गोळा केल्याची नव्हे. १९५७ च्या विषाणूच्या नोंदीवर एकविसाव्या शतकातील तारीख दिसते ती यामुळे. नमुन्याची तारीख खाली, ‘सोर्स’ या शीर्षकाखालील तपशिलात शोधावी लागते.

आवृत्तीचा प्रश्न

प्रत्येक नोंदीच्या क्रमांकापुढे टिंब देऊन आवृत्तीचा आकडा येतो. अक्षरांत बदल झाला की हा आकडा वाढतो. वुहानमधील कोरोना विषाणूच्या पहिल्या जनुकक्रमाची नोंद ‘एमएन९०८९४७’ ही त्याचे ठळक उदाहरण आहे. जानेवारी २०२० मध्ये तिची पहिली आवृत्ती ३०,४७३ अक्षरांची होती. त्याच महिन्यात दुसरी २९,८७५ व तिसरी २९,९०३ अक्षरांची आली. ‘ई-फेच’ला आवृत्तीचा आकडा न देता क्रमांक दिला तर जी आवृत्ती त्या वेळी सर्वांत नवी असेल ती मिळते. म्हणजे एकच प्रोग्राम दोन निरनिराळ्या दिवशी चालवला तर दोन निरनिराळे मजकूर हाती येऊ शकतात, आणि प्रकल्पात आवृत्ती लिहिली नसेल तर परीक्षकाला पडताळणी करणे अशक्य होते.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. त्यानंतर ‘ज्ञानेश्वरीत असे आहे’ एवढे म्हणून अभ्यासकाचे भागत नाही. कोणत्या प्रतीत, ते सांगावे लागते. गालिबच्या दिवानाबाबतही १९२१ मध्ये भोपाळहून ‘नुस्खा-ए-हमीदिया’ प्रसिद्ध झाल्यापासून हीच शिस्त अपरिहार्य झाली. आमच्या वर्गात जी गोष्ट आम्ही पहिल्या वर्षाला सांगतो, ती विज्ञानाच्या प्रकल्पात सुटून जावी, हे आश्चर्याचे आहे.

लायब्ररी व मार्गदर्शिका यांच्याही आवृत्त्या असतात. वरील ऑर्किडची नोंद मार्गदर्शिकेच्या जुन्या आवृत्तीत ‘१८६९७२३९४’ या निव्वळ आकडी क्रमांकाने मागवलेली होती. असे क्रमांक २०१६ मध्ये जेनबँकेच्या नोंदीतून व फास्टाच्या शीर्षओळीतून काढून टाकण्यात आले. त्या शीर्षओळीची जुनी रचना गृहीत धरणारे प्रोग्राम त्यानंतर निकामी झाले. २०२४ मध्ये असाच आणखी एक बदल झाला : नमुन्याच्या ठिकाणाचे ‘कंट्री’ हे शीर्षक जाऊन ‘जिओ-लोक-नेम’ हे आले. जुना प्रोग्राम नव्या नोंदीत ‘कंट्री’ शोधतो. प्रोग्राम काळजीपूर्वक लिहिलेला नसेल तर तो थांबतो. ‘नसेल तर रिकामे ठेव’ अशी सूचना दिलेली असेल तर गावाच्या जागी मुकाट्याने रिकामी जागा देतो. यांपैकी दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. झेरॉक्स केलेल्या जुन्या टिपणांवरून प्रात्यक्षिके घेणाऱ्या महाविद्यालयांनी याची नोंद घ्यावी.

नावांचा प्रश्न

१ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील शहरांची इंग्रजी नावे बदलली. हुबळीचे हुबळ्ळी, बेळगावचे बेळगावी, शिमोग्याचे शिवमोग्गा झाले. त्याआधी १९७३ मध्ये राज्याचेच नाव म्हैसूरचे कर्नाटक झाले होते. माणसाला ही एकाच ठिकाणची नावे वाटतात. शोधयंत्राला ती निरनिराळी अक्षरे आहेत. जीवांच्या नावांबाबत एन्ट्रेझच्या मागे वर्गीकरणाची मोठी सूची आहे, ती जुन्या व नव्या नावांची सांगड घालते. या विषाणूच्या गणाचे ‘फ्लाविव्हायरस’ हे नाव २०२३ मध्ये ‘ऑर्थोफ्लाविव्हायरस’ झाले, तरी अशा बदलात सूचीचा आधार मिळतो. गावाचे नाव मात्र नोंद देणाऱ्याने जसे लिहिले तसे राहते. एका नोंदीत जिल्हा जुन्या नावाने, दुसरीत नव्या नावाने, तिसरीत केवळ ‘इंडिया’. एकाच नावाने शोध घेणाऱ्याला साथीचा निम्मा इतिहास दिसतो.

ही उणीव कोणतीही लायब्ररी भरून काढू शकत नाही. सोरब, सागर, सत्तरी, दोडामार्ग ही नावे व त्यांची विविध इंग्रजी लेखने ज्याला ठाऊक आहेत, तोच योग्य शोधशब्द सुचवू शकतो. कन्नड, मराठी, कोंकणी व उर्दू या चारही भाषा ज्यांच्या कानांवर आहेत अशा हुबळी-धारवाडच्या विद्यार्थ्यांजवळ हे ज्ञान घरचेच आहे. त्याचा उपयोग होऊ शकतो, हे त्यांना कोणी सांगत नाही एवढेच.

संग्रह आणि संपादन

विद्यार्थ्यांचा आणखी एक समज असा की, संचयात आहे म्हणजे तपासलेले आहे. जेनबँक हा मूलतः संग्रह आहे. नोंद देणारा तिचा मालक असतो आणि तिच्यातील दुरुस्ती सामान्यतः त्यानेच करायची असते. निवडून व तपासून केलेल्या नोंदींचा ‘रेफसीक’ हा विभाग निराळा आहे. त्याचे क्रमांक दोन अक्षरे व अधोरेषा यांनी सुरू होतात. ‘ई-फेच’ दोन्ही प्रकार सारख्याच तत्परतेने आणून देते. हस्तलिखितांचे कपाट व संपादित आवृत्ती यांतील हा फरक क्रमांक वाचता आला तरच कळतो.

संपादनाची ही परंपरा आपल्याकडेही आहे. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये जैवमाहितीशास्त्र केंद्र सुरू झाले. तेथील संशोधकांनी विषाणूंच्या जनुकक्रमांचा ‘व्हिरजेन’ हा निवडक व व्यवस्थित लावलेला संचय तयार केला आणि २००४ मध्ये ‘न्यूक्लिक ॲसिड्स रिसर्च’ या नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये फरिदाबाद येथे भारतीय जैविक माहिती केंद्राचे उद्घाटन झाले, आणि १० हजार भारतीयांच्या जनुकक्रमांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये तेथून संशोधकांसाठी खुली करण्यात आली. यापुढे आपल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण नोंदी मागवणारेच नव्हे, तर नोंदी देणारेही होतील. गाव, तारीख व नमुन्याचा स्रोत नीट लिहिण्याची सवय त्यांना आज लागली नाही, तर उद्या त्यांच्या नोंदी वाचणाऱ्याची हीच अडचण होईल.

अध्यापनासाठी सूचना

वरील विवेचनावरून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रात्यक्षिकाचा पहिला तास प्रोग्रामसाठी न ठेवता एका नोंदीच्या वाचनासाठी ठेवावा. क्यासनूर विषाणूची एक पूर्ण नोंद जेनबँक रूपात छापून प्रत्येकाच्या हाती द्यावी आणि विचारावे : ही कोणी दिली? नमुना कोठला? केव्हाचा? आवृत्ती कितवी? संग्रहातील की संपादित? या पाच प्रश्नांची उत्तरे लिहिल्यानंतरच संगणक सुरू करावा.

दुसरी, फास्टा केवळ तुलनेच्या पायरीवर वापरावे. मागवताना नेहमी पूर्ण नोंद मागवून ती जतन करावी. पूर्ण नोंदीतून फास्टा एका ओळीच्या आज्ञेने तयार होते, फास्टातून पूर्ण नोंद तयार होत नाही. तिसरी, प्रकल्पाच्या वहीत शोधशब्द, शोधाची तारीख, सापडलेली एकूण संख्या, प्रत्यक्ष घेतलेल्या नोंदींची संख्या, आवृत्तीसह क्रमांक व लायब्ररीची आवृत्ती यांचा रकाना सक्तीचा करावा. चौथी, मराठी व उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी ‘नोंद’, ‘पाठ’, ‘आवृत्ती’, ‘संग्रह’, ‘संपादन’ अशा परिचित शब्दांत चार पानांचे टिपण विज्ञान व भाषा या विभागांनी मिळून तयार करावे. इंग्रजी मार्गदर्शिकेला ते पर्याय होणार नाही. पण तिच्या दारापर्यंत नक्की पोहोचवील.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की, पदवीच्या विद्यार्थ्यावर एवढा भार कशाला? त्याला आधी साधन तरी हाताळू द्या. या आक्षेपात तथ्य आहे. प्रोग्राम चालला की मिळणारा आनंद विद्यार्थ्याला पुढे नेतो आणि मार्गदर्शिकेने तो आनंद सुलभ केला आहे. परंतु पाच प्रश्नांना अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासाने पुढच्या सर्व तासांना अर्थ येतो.

समारोप

बायोपायथनचा एन्ट्रेझ विभाग हे प्रामाणिक व उपयुक्त साधन आहे. सांगितलेले तो बिनचूक आणतो. नोंदीतील काहीही तो स्वतःहून लपवत नाही. मागताना आपणच अक्षरे तेवढी मागतो आणि स्थळ, काळ, कर्ता मागे ठेवतो. मार्गदर्शिकेतील पाककृतीला दोष देऊन भागणार नाही. तिचे उदाहरण फुलांचे आहे, आपले उदाहरण दोडामार्गच्या बागेत तापाने फणफणलेल्या मजुराचे आहे. त्याच्या रक्तातून निघालेला जनुकक्रम वाचताना तो कोठला व केव्हाचा, हे विचारणे हाच शास्त्राचा पहिला धडा आहे. तो शिकवण्यासाठी भाषेच्या व विज्ञानाच्या अध्यापकांनी एकाच टेबलाशी बसावे, एवढीच विनंती.